आधी ओढ, मग जाळ

आमच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या टेबलाजवळ एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीचा, वीतभर धागा बांधलेला असतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो काळवंडतो, तुटतो. मग आमच्यापैकी कोणीतरी मागच्या वाडीत जाऊन वाळलेलं सोपट आणतो, त्याचा बारीक पदर सोलतो आणि नवा धागा बांधतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी केलंय. एकाने तर हात जोडले होते. तसं काही नाही. तो दुमिंगभाऊंचा धागा आहे, आणि त्याच्याकडे बघितल्याशिवाय आमच्याकडे वेल्डिंगची टॉर्च पेटत नाही.

नंदाखालहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यावर ही शेड आहे. ती चौघांची. मी पंप आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन माझं, लेथ माझा. गोविंदा लोहाराची भट्टी आणि ऐरण. परशुराम सुतार गाड्यांची चाकं आणि रहाटाचं लाकूडकाम करतो. चौथे दुमिंगभाऊ, गॅस वेल्डिंगवाले. छप्पर एक, दार एक, पाण्याचा पिंप एक. चौघांत कुरबुर नको म्हणून कोणती वस्तू कोणाची, ती कुठे ठेवायची, कोणी केव्हा वापरायची, याच्या याद्या करून मी दाराजवळच्या फळीवर लावत असे. अजूनही लावतो. त्या कोणी वाचत नसे. भांडण झालं की मात्र सगळे फळीपाशी जमत, तेवढं मला पुरेसं होतं.

दुमिंगभाऊ वाचत. रोज सकाळी आल्याबरोबर टोपी खुंटीला अडकवून ते फळीसमोर उभे राहत आणि कालच्यात आज काय वाढलंय ते बोट फिरवून बघत. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "यादीवाले" म्हणत, आणि त्यात थट्टा किती, आदर किती, याचा अंदाज मला सात-आठ वर्षांत आला नाही.

मुंबईच्या गोदीत वीसेक वर्षं बोटींची कामं करून, दुसरी मोठी लढाई संपल्यावर ते गावी परत आले होते. अंगाने सडसडीत, मान जराशी पुढे आलेली, खाकी अर्धी पँट, उजव्या हातावर ठिणग्यांचे पांढरे ठिपके. खिशात तीन वस्तू कायम: रोझरीची माळ, खडूचा तुकडा आणि आल्याची वडी. बोलणं थोडं. काम घेताना मात्र प्रश्न फार. टाकी आली की आत पूर्वी काय होतं, ते विचारणार. गिऱ्हाईक म्हणालं "पाणी", तरी झाकण काढून वास घेणार. एका बागाईतदाराने रॉकेलची टाकी स्वच्छ धुतली आहे असं शपथेवर सांगितलं, तेव्हा दुमिंगभाऊ म्हणाले, "तुमच्या शपथेला आग लागत नाही, टाकीला लागते." मग टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरली आणि वरच्या मोकळ्या तेवढ्या भागाचा सांधा केला. गिऱ्हाईक दीड तास ताटकळलं. दुमिंगभाऊंना त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी शेड बंद असे. त्यांना चर्चमध्ये मिस्सा, आम्हाला घरच्या वाडीतली कामं. बागाईतदार मात्र रविवारीच मोकळे असत. चर्चहून परतताना किंवा आगाशीच्या बाजाराला जाताना ते विहिरीच्या पंपांचे फुटलेले नळ आमच्या दारात टाकून जात. सोमवारी सकाळी दार उघडायला आधी ते नळ बाजूला करावे लागत. त्यामुळे सोमवार म्हणजे नळांचा दिवस, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं होतं. त्या वेळी आम्हाला त्यात काहीच दिसलं नाही.

गोविंदाला ताप यायला लागला तो दिवाळीनंतर. गोविंदा चाळिशीचा, दंड असे की घण हलका वाटावा. एका सोमवारी दुपारी तो म्हणाला, तोंड गोडूस झालंय, चहाही गोड लागत नाही. दिवस मावळताना त्याला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतं, पण ताप नव्हता. बुधवारी तो पहिल्यासारखा घण मारत होता. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. गोविंदा सोमवारचा उपास करी. त्याच्या बायकोने, यमुनावहिनींनी, उपाशीपोटी भट्टीपुढे बसल्याने होतं असं म्हणून त्याचा उपास सोडवला. सोमवारी दोन भाकऱ्या खाऊन आलेल्या गोविंदालाही ताप आला. मग खोकला सुरू झाला, आणि मग कोणीतरी तो शब्द उच्चारला. क्षय.

त्या शब्दाचं त्या दिवसांतलं वजन आता सांगून कळायचं नाही. घरात गोविंदाचं ताट-भांडं वेगळं झालं. त्याच्या मुलीचं, सुमनचं, केळव्याकडच्या एका घरी बोलणं चाललं होतं, ते थबकलं. आगाशीच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन छातीचा फोटो काढायला सांगितलं, तर गोविंदा जाईना. मला म्हणाला, "फोटोत दिसलं की खरं झालं. न काढता निदान सोमवारपुरतंच आहे."

शेडमध्येही कुजबुज सुरू झाली. परशुरामच्या घरी लहान नातवंडं. तो पिंपाचं पाणी प्यायचं सोडून घरून तांब्या आणू लागला. मलाही दोन मुली. मी तर याहून वाईट केलं. मला जे जमतं तेच केलं: एक चिठ्ठी लिहिली, 'गोविंदाने प्रकृती सुधारेपर्यंत घरी राहावे, भट्टी तोवर बंद राहील', आणि फळीवर लावली. तोंडाने सांगायचा धीर नव्हता.

सकाळी दुमिंगभाऊंनी ती वाचली. गोविंदा अजून यायचा होता. त्यांनी चिठ्ठीवर बोट फिरवलं, टोपी काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यादीवाले, कोणत्या दिवशी कोणतं काम झालं, त्याची वही आहे ना तुमच्याकडे?"

वही होती. कोणाचं काम, कोणती वस्तू, कोणत्या वारी हातात घेतली, हे मी पहिल्या दिवसापासून टिपत आलो होतो. दुमिंगभाऊ ती घेऊन दारात बसले. खडूने उंबऱ्यावर रेघा मारत गेले. तापाच्या प्रत्येक सोमवारी त्यांनी स्वतः जस्ताच्या मुलाम्याचे नळ जोडले होते. मध्ये एक सोमवार कोरा होता. त्या दिवशी गोविंदा ठणठणीत होता. त्यांनी वही मिटली आणि नारळाचं ओलसर सोडण, वरची काथ्याची साल, आणायला सांगितलं.

गोविंदा आला तेव्हा भट्टी पेटवायला लावून त्याला नेहमीच्या जागी बसवलं. मग दुमिंगभाऊंनी आपल्या टेबलावर सोडण पेटवून विझवलं. दाट पांढरा धूर निघाला. आम्ही चौघे बघत होतो. धूर दाराकडे गेला नाही, कौलांकडेही गेला नाही. भट्टीच्या गरम धुराड्याने त्याला ओढून घेतलं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाच्या छातीच्या उंचीने तो सरळ गेला आणि गोविंदाच्या तोंडावरून भट्टीत शिरला. दुमिंगभाऊंकडे एक पदरही आला नाही. त्यांची पाठ दाराच्या वाऱ्याला होती.

त्यांनी सोडणावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "गोविंदा, तुझ्या रोगाचं नाव दुमिंग."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जस्त तापलं की पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी गोडसर तोंड, थंडी, ताप. दुसऱ्या दिवशी उतरतो. रोज त्या धुरात राहिलं तर अंगाला सवय होते. रविवारी सवय सुटते, सोमवारी धूर पुन्हा धरतो. गोदीत याला सोमवारचा ताप म्हणत आणि बरेच जण दूध पिऊन घरी जात. "दुधाने धूर जात नाही," दुमिंगभाऊ म्हणाले. "धूर नाकापर्यंत येऊ न देणं, एवढंच औषध."

गोविंदाने दोन्ही काळ्या हातांनी तोंड पुसलं. तो हसतोय की रडतोय, ते त्याच्या काजळीने माखलेल्या चेहऱ्यावरून कळेना. परशुराम उठला, पिंपाजवळ गेला आणि पेलाभर पाणी गटागटा प्यायला. ते सगळ्यांनी पाहिलं.

मी माझी चिठ्ठी काढायला गेलो, तर दुमिंगभाऊंनी ती आधीच काढली होती. तिच्या कोऱ्या बाजूवर ते खडू सोडून पेन्सिलीने काहीतरी आखत होते. म्हणाले, "कागद चांगला आहे. वाया कशाला घालवायचा?" त्या कागदावर बाळाच्या टोपड्यासारखी पत्र्याची कुंची, नळी आणि पंखा होता.

आपल्या शब्दावर मात्र त्यांनी गोविंदाला विसंबू दिलं नाही. मी सांगतो म्हणून फोटो चुकवायचा नाही, असं म्हणून स्वतः त्याला मुंबईला घेऊन गेले. फोटो स्वच्छ आला. यमुनावहिनींनी तो ओटीवरच्या खिडकीला बांधला आणि पुढचा महिनाभर आल्यागेल्याला उजेडासमोर नेऊन दाखवला. गोविंदाच्या फासळ्या साऱ्या गावाला पाठ झाल्या. केळव्याचे पाहुणे आले तेव्हा त्यांनाही आधी फासळ्या दाखवल्या गेल्या आणि मग पोहे. सुमनचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

तोवर जस्ताचं सगळं काम दुमिंगभाऊ बाहेर नारळीखाली करत होते, वाऱ्याकडे पाठ करून आणि गिऱ्हाइकाला समोर उभं राहू न देता. पावसाळ्यात हे चालणार नव्हतं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी बोटीवरचा एक पंखा शोधून आणला. पाती बंद डब्यात, एका तोंडाने हवा ओढणार, दुसऱ्या तोंडाने फेकणार. तो त्यांनी माझ्या इंजिनाच्या शाफ्टवर पट्ट्याने जोडला. ओढणाऱ्या तोंडाला पत्र्याची नळी, तिच्या टोकाला शिडाच्या कापडाचा वाकणारा तुकडा आणि त्यापुढे पत्र्याची कुंची. ठिणगीने पेटू नये म्हणून कापड तुरटीच्या पाण्यात तीनदा भिजवून वाळवलं. कुंचीत बारीक जाळी. गॅस तयार करणारी कार्बाइडची टाकी पूर्वीपासून बाहेरच्या मांडवात होती, ती आणखी दहा पावलं लांब गेली.

अर्नाळ्याचा एक कोळी नांगराचा दांडा घेऊन आला होता. तो ते हलणारं प्रकरण बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही तर हत्तीची सोंड. पानी नाय पीत, धूर पिते." त्या दिवसापासून तिचं नाव सोंड.

दुमिंगभाऊंच्या सगळ्या सवयींची आता एक सोंडेची सवय झाली. कुंची कामापासून एका वितेवर हवी. ते खरोखरच वीत टेकवून बघत. दोन वितींवर ठेवली तर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सोंड धूर ओढत नाही, नुसती बघते. कुंची डोक्यावर टांगायची नाही, कारण मग धूर वर जाताना नाकावरूनच जाणार. ती आपल्या समोर, आगीच्या पलीकडे ठेवायची. आग आणि कुंची यांच्यामध्ये डोकं घालून सांधा बघायचा नाही. परशुरामला बघायची फार हौस, त्याला त्यांनी दोनदा खांद्याला धरून मागे ओढलं होतं. टॉर्च विझल्यावरही सोंड थोडा वेळ चालू ठेवायची. दार मात्र उघडं हवं, कारण गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा कुठून तरी यायला हवी. आणि सुरुवातीला, टॉर्च पेटवण्याआधी, सोपटाचा धागा कुंचीच्या तोंडाशी धरायचा. धागा आत ताणला गेला तर पेटवायचं. हे करताना ते दर वेळी पुटपुटत, "आधी ओढ, मग जाळ." शेवटी शेवटी आम्ही चहा पितानाही ते वाक्य वापरायला लागलो.

ते चुकत नसत असं नाही. पंख्याचं फेकणारं तोंड त्यांनी पहिल्यांदा मागच्या भिंतीतून काढलं. भिंतीपलीकडे मारीबायचं अंगण. मारीबाय विधवा, तोंडाने कमी आणि नजरेने जास्त बोलणारी. ती हिवाळ्यात राजेळी केळी सोलून मांडवावर वाळवी आणि तिची सुकेळी आगाशीपासून वसईपर्यंत जात. सोंड सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ती शेडमध्ये आली. ताटलीत चार सुकेळी. ताटली दुमिंगभाऊंसमोर ठेवून नुसती उभी राहिली. त्यांनी एक तोंडात टाकलं, चावलं आणि चावता चावता थांबले.

"खा की," मारीबाय म्हणाली. "तुमचंच हाय ते. आमच्या केळीचं काय हाय त्यात?"

त्यांनी ते संपूर्ण खाल्लं. माफी मागितली नाही. त्याच दिवशी इंजिन बंद करून पत्र्याची नळी उचलली, कौलांच्या वर माणसाच्या उंचीएवढी चढवली आणि तिचं तोंड रस्त्यापलीकडच्या पडीक तुकड्याकडे केलं. त्या काळात वाळत असलेला मारीबायचा सगळा माल त्यांनी तिच्याकडून घेतला आणि आमच्या चौघांच्या घरी वाटला. आम्ही तो महिनाभर निमूट खाल्ला. माझ्या बायकोने त्याची खीर करून बघितली, तरीही गोदीची चव गेली नाही. आमच्या नाकावरचा धूर दुसऱ्याच्या ताटात टाकला, हे दुमिंगभाऊंना फार लागलं होतं. नंतर कित्येक दिवस, सोंड चालू असताना ते मध्येच बाहेर जाऊन कौलांवरचा धूर कुठे चाललाय ते बघून येत.

दुसरी गंमत परशुरामने केली. सोंड इतकी ओढते हे बघून त्याला वाटलं, झाडलोट कशाला करा. एका संध्याकाळी दुमिंगभाऊ गेल्यावर त्याने रंध्याखालचा सगळा भुसा जाळी काढून सोंडेला पाजला. जमीन आरशासारखी झाली. दुसऱ्या दिवशी टॉर्च पेटल्यावर एक ठिणगी आत गेली आणि नळीच्या वाकणात अडकलेला भुसा धुमसू लागला. दुमिंगभाऊंनी वास घेतला, टॉर्च बंद केली, मला पट्टा उतरवायला सांगितलं, कारण पंखा चालू राहिला तर आगीला वारा मिळणार. ओली पोती, दोन बादल्या पाणी, आणि संपलं. नुकसान हातभर कापडाचं. परशुराम कोपऱ्यात उभा. दुमिंगभाऊंनी नळीतून ओल्या भुशाचा गोळा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "परशा, सोंडेला उपास असतो. लाकूड चालत नाही तिला." मी लगेच यादीत ते घातलं.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

यादी माझीच होती. सोंडेची आठ कलमं मी सुवाच्य अक्षरात लिहून फळीवर लावली होती. पहिलं कलम: 'पंखा चालू'. दुमिंगभाऊंनी ती वाचली होती, मान डोलावली होती.

तोपर्यंत गोविंदाही त्यांच्याकडून वेल्डिंग शिकला होता. सुमनचं लग्न ठरलं होतं. लग्नाला आठ दिवस असताना दुमिंगभाऊ भाचीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला दोन दिवस सांडोरला गेले. तो सोमवार. दारात नेहमीप्रमाणे नळ, आणि एका बागाईतदाराचा पंप बंद पडून त्याची केळी माना टाकायला लागलेली. काम थांबवण्यासारखं नव्हतं. गोविंदा म्हणाला, मी करतो.

पंख्याचा पट्टा काही दिवस निसटत होता. शनिवारी मी तो शिवला होता आणि बसवताना एक शहाणपण केलं होतं: पट्टा सरळ न घालता आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन घातला. त्याने पुलीला जास्त मिठी बसते आणि पट्टा निसटत नाही. पंखा उलटा फिरणार हे मला कळत होतं. पण धागा धरून बघितला, तो आत वाकला. म्हटलं, हवा तर आतच जातेय. सोमवारी मी यादी हातात घेऊन एकेक कलम मोठ्याने वाचलं. पंखा चालू. कुंची एका वितेवर. दार उघडं. आठही कलमांना होकार आला. गोविंदाने दुपारपर्यंत सात नळ जोडले.

दिवस कलताना तो म्हणाला, "तोंड गोडूस झालंय."

 मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. सोंड चालू होती, धूर कोणाला दिसला नव्हता, यादी पुरी झाली होती, आणि तरी ताप. म्हणजे मग तो धूर नव्हताच की काय? फोटोत दिसलं नव्हतं ते आता दिसेल? गोविंदाला घरी पोचवलं तेव्हा ओटीवर लग्नाचे पापड वाळत होते आणि त्याचे दात वाजत होते. यमुनावहिनींनी दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, केळव्याला कळलं तर माझी सुमन घरीच राहील." खिडकीवर तो फोटो अजून होता. त्यांनी तो काढून उलटा ठेवला.

मंगळवारी सकाळी दुमिंगभाऊ आले. सगळं ऐकून घेतलं, एक आल्याची वडी तोंडात टाकली आणि इंजिन लावायला सांगितलं. कुंचीशी धागा धरला. धागा आत वाकला.

"बघा," मी म्हणालो.

"बघतोय. वाकलाय. ताणला नाही." त्यांनी खिशातून डब्याला गुंडाळायचा वर्तमानपत्राचा कागद काढून कुंचीच्या जाळीवर ठेवला आणि हात सोडला. एरवी असा कागद जाळीला चिकटून बसे. आज तो घसरला आणि खाली पडला. दुमिंगभाऊ नळीच्या बाजूने चालत चालत पंख्यापर्यंत गेले, पट्ट्याकडे बघितलं आणि तिथेच थांबले. असला पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने जाते, पण निम्म्याहून कमी. धागा वाकवण्यापुरती, धूर उचलण्यापुरती नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ते फक्त म्हणाले, "पट्टा कोणी घातला?"

मी म्हणालो, मी.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टा उतरवला, निसटू नये म्हणून आतून मेण लावलं, सरळ घातला. पुन्हा धागा धरला. धागा ताठ झाला, बोटासारखा आत रोखून राहिला. कागद फटकन जाळीला बसला. मग ते माझ्या यादीपाशी गेले, कानावरची माझीच पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या कलमावर एक रेघ मारली. 'पंखा चालू' खोडून त्यावर लिहिलं: 'ओढ आहे'.

"यादीवाले," ते म्हणाले, "पंख्याला विचारायचं नाही. धुराला विचारायचं."

तिथून मी तडक गोविंदाच्या घरी गेलो. तो ओटीवर बसून पेज पीत होता, ताप उतरलेला. मी यमुनावहिनींना पट्ट्यापासून पुलीपर्यंत सगळं सांगितलं. आठाचा आकडा जमिनीवर बोटाने काढून दाखवला. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "म्हणजे ह्यांचं काही नाही? तुमचंच चुकलं?"

"माझंच."

त्या खांबाला टेकल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "भावजी, फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "देव करो आणि अशी चूक नेहमी तुमचीच निघो." गोविंदाही हसायला लागला, त्याला ठसका लागला, आणि त्या ठसक्याने कोणी घाबरलं नाही. मला आयुष्यात चूक कबूल करून इतका हलकेपणा कधी वाटला नव्हता. खिडकीतला फोटो पुन्हा सरळ झाला.

लग्न झालं. मांडवाच्या मागे चुलाणं पेटवली तेव्हा दुमिंगभाऊ तिथे उभे होते. धूर वऱ्हाडाकडे जातोय असं दिसताच त्यांनी आचाऱ्याला चुलाणं दुसऱ्या अंगाला हलवायला लावली. आचारी चिडला. केळव्याच्या पाहुण्यांनी विचारलं, हे कोण? गोविंदा म्हणाला, "हे माझे डॉक्टर."

त्यानंतर तीन-चार वर्षं दुमिंगभाऊ शेडमध्ये होते. मग डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. सांधा नीट दिसेना. एक दिवस त्यांनी टॉर्च, चष्मे, सोंड सगळं गोविंदाच्या हवाली केलं आणि घरी बसले. सोमवार मात्र चुकवला नाही. नळांचा दिवस. सकाळी काठी टेकत येत, धागा स्वतः धरून बघत, कागद चिकटवून बघत, फळीवरच्या यादीवर बोट फिरवत आणि चहा न घेता जात. गोविंदा कधी म्हणे, भाऊ, मी करतो ना. ते ऐकलं न ऐकल्यासारखं करत.

पुढे त्यांच्या मुलीने त्यांना सांडोरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. जाण्याआधीच्या सोमवारी मी लेथवर होतो. इंजिनाच्या आवाजात त्यांची काठी ऐकू आली नाही. मान वर केली तेव्हा ते दारात उभे दिसले. आत येणार म्हणून मी स्टूल पुसायला लागलो.

गोविंदाची दाराकडे पाठ होती. त्याने नळ टेबलावर घेतला, कुंचीपुढे वीत टेकवली, खिळ्यावरचा धागा सोडून तोंडाशी धरला. धागा ताठ झाला. तरी त्याने कागद चिकटवून बघितला. मग चष्मा डोळ्यांवर ओढताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. इंजिनामुळे शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून कळले.

दुमिंगभाऊंनी ते पाहिलं. त्यांचा एक पाय उंबऱ्यावर होता, तो त्यांनी मागे घेतला. बाहेर दोन पावलं जाऊन मान वर केली, कपाळावर हात धरून कौलांवरच्या नळीकडे बघितलं. धूर रस्त्यापलीकडे, पडीक तुकड्यावर चालला होता. मारीबायच्या मांडवावर केळी पिवळीधमक वाळत होती. त्यांनी टोपी नीट केली, खिशातून आल्याची वडी काढून तोंडात टाकली आणि नंदाखालच्या रस्त्याला लागले. मी हाक मारणार होतो. मग मारली नाही. त्यांचं काम झालं होतं, म्हणून ते आत आले नव्हते.

मी फळीपाशी जाऊन त्या दिवसाच्या पहिल्या कलमावर खूण केली. ओढ आहे.